साडेचार वर्षांचं मूल आणि पाहुणे: घरी सवयी कशा लावायच्या?

प्रश्न – अंगणवेल
मूल साडेचार वर्षांचं. न आवडलेलं काही ताटात आलं की "शी!", पाहुण्यांच्या चिवड्यात थेट हात, मोठे बोलत असले की मध्येच "आई, आई, आई". "नीट वाग" सांगून काहीच फरक नाही. प्लीज-थँक्यू पाठ करून घ्यावं का?

ओटाकट्टा
"नीट वाग" म्हणजे नक्की काय करायचं, हे या वयात कळत नाही. तयार वाक्य द्या. "शी"च्या जागी "मला नको, आजी". वाढताना "पुरे". आणखी हवं तर "थोडी वाढतेस का?"

मराठीत अदब क्रियापदात असते. "प्लीज पाणी दे!" हा हुकूमच राहतो, "पाणी देतेस का?" ही विनंती होते. बाहेरच्या मोठ्यांना "देता का?". चुकलं की बरोबर वाक्य शांतपणे एकदाच म्हणा आणि थांबा. मुलाने म्हटलं की लगेच पाणी द्या. तीन-तीनदा म्हणवून घेतलं, तेही चारचौघांत, की त्याला त्या वाक्याचाच राग येतो.

आणि कामाला येणाऱ्या मावशींशी घरातले कसे बोलतात तेही ऐका. मूल तिथूनच उचलतं.

पाटपाणी
चिवड्यावरची झडप बहुतेक वेळा भुकेची असते. पाहुणे पाचला येणार असतील तर साडेचारला अर्धी तूप-पोळी द्या. मग वाटपाचं काम त्याच्याकडेच सोपवा: छोटी वाटी, दोन चमचे चिवडा, दोन्ही हातांनी धरून आधी आजोबांना, स्वतःची वाटी शेवटी. सराव आधी रिकाम्या वाटीने, मग चुरमुरे घालून. सांडले तरी गोळा करता येतात. पाण्याचा पेला नेहमी अर्धाच भरा.

ताटात वाढायचं तेही बेताचं. पाव पोळी, चार चमचे भात, दोन चमचे भाजी. हवं तर पुन्हा मागेल. भरलेलं ताट पाहूनच अर्धी "शी" निघते. स्वतः वाढून घ्यायचं तर उजवा हात खरकटा असतो, म्हणून डाव डाव्या हाताने धरायचा. पण लहान मुलाच्या डाव्या हाताला पातेल्यातला डाव पेलत नाही. भाजी वाटीत काढून लहान चमचा ठेवा. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर चुळबुळ होणारच, पायाखाली पाट द्या.

ओटाकट्टा
मध्ये बोलण्यावर उपाय: त्याने तुमच्या मनगटावर हात ठेवायचा, तुम्ही त्यावर आपला हात ठेवायचा. म्हणजे "कळलं, थांब". पहिल्या दिवशी पाच सेकंदांत वळून "बोल" म्हणा. मग दहा, मग अर्धा मिनिट. हे फसतं ते आपल्यामुळे: हात ठेवून घेतो आणि गप्पा पाच मिनिटं चालू. हाताने काम होत नाही हे कळलं की मूल पुन्हा ओरडतं. शू लागली, पडलं-लागलं, गॅसवर दूध उतू चाललं, तर न थांबता बोलायचं, हेही आधीच सांगा.

अंगणवेल
वाकून नमस्कार करायला नाही म्हटलं तर?

पाटपाणी
मान धरून वाकवू नका. पाहुणे यायच्या आधीच विचारा: वाकून, हात जोडून, की पाणी नेऊन देणार? दारात लाजलं तर दहा मिनिटांनी, पाहुणे टेकले की पेला हातात द्या. "लाजाळू आहे हो" असं त्याच्यासमोर मात्र म्हणू नका.