ईट-लॅन्सेटचा आहार आणि खर्चाचा हिशोब

कोणीतरी म्हटलंय की ईट-लॅन्सेटचा आहार (माणसाचं आरोग्य आणि पर्यावरण दोन्ही सांभाळायला शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलेला आहार) म्हणजे आपली डाळ-भाकरीच, ते डाळीपुरतं पटतं, पण 2019 च्या त्या अहवालात रोज 300 ग्रॅम भाज्या, 200 ग्रॅम फळं आणि 50 ग्रॅम शेंगदाणे-बदाम वगैरेही आहेत, आणि खर्च तिथेच वाढतो. 2020 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात याचा हिशोब आलाय, हा आहार जगातल्या किमान 158 कोटी लोकांच्या माणशी रोजच्या उत्पन्नापेक्षा महाग पडतो.

कळव्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना रेशनवर तांदूळ-गहू मिळतात, बाकी सगळं विकत. जांभळी नाक्यावरून केळी आणली तरी ती आधी पोरांना, स्वतःला उरली तर. मला खरंच वाटतं, रेशनवर डाळ आणि नाचणी नियमित मिळायला हवी.