चित्रं म्हणजे सजावट नव्हे

पात्रं बनून, गोष्ट रचत खेळायच्या (रोल-प्लेइंग) खेळांच्या पुस्तकांबद्दल ‘नियम कळले की झालं, चित्रं नुसती सजावट’ असं एक मत आहे, ते मला अजिबात पटलं नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या नियमपुस्तकाचं डेव्हिड ट्रॅम्पियरनं काढलेलं मुखपृष्ठ बघा: लढाई संपलीय, दोघं मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न उचकटतायत, काही जण नकाशा बघतायत. या खेळात करायचं काय, ते एका चित्रात कळतं.

संभाजीनगरात घरच्या पोरांना अशा खेळाचे नियम वाचून दाखवले तर जांभया सुरू. मग देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तिथला काळोखा भुयारी मार्ग, चार चौकटींत काढली. विझत आलेली मशाल, वळण, पायऱ्या, आणि शेवटची चौकट कोरी. पुतणी लगेच म्हणाली, ‘काका, मशाल विझायच्या आत मी भिंत चाचपू का?’ त्या कोऱ्या चौकटीत पुढं काय आलं, ते तिनंच काढलं.