मदत हवी आहे: सिंहगड तोच, गुडघे ४६ चे

मंडळी, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो. तिशीत पाऊण तासात वर असायचो, आता सव्वा तास लागतो आणि उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. परवा एका कॉलेजच्या पोरानं "काका, बसा जरा" म्हणत ताकाचा ग्लास पुढे केला. ताक झकास होतं, 'काका' लागलं.

स्नायूंची ताकद विशी-तिशीत सर्वांत जास्त असते, मग उतरते, हे मान्य. पण केनियाचा धावपटू किपचोगेनं २०२२ मध्ये बर्लिन मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मारली तेव्हा तो ३७ चा होता! म्हणजे दमसास टिकतो ना?

चाळिशीपुढच्यांनी सांगा, वजनं उचलून चढाईत खरंच फरक पडला का? आठवड्यातून किती वेळा? कोथरूडकडे गुडघे सांभाळून शिकवणारं कुणी आहे? (प्रोटीन पावडर विकणाऱ्यांनी माफ करा.)