२०० मीटर बटरफ्लाय, भरून येणारे हात आणि सप्लिमेंट

काठावरची आई :
माझी मुलगी १६ वर्षांची असून २०० मीटर बटरफ्लायमध्ये राज्य पातळीवर पोहते. तिचे वजन ५२ किलो आहे. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी पुन्हा, असा दोन वेळा सराव असतो. अलीकडे संध्याकाळी तिचे हात सुरुवातीपासूनच जड वाटतात आणि शर्यतीत दीडशे मीटरनंतर ते पाण्याबाहेर निघेनासे होतात. जिममध्ये तिला बीसीएए (प्रथिनांतील काही अमिनो आम्ले) आणि सरावाआधी घ्यायची प्री-वर्कआउट पावडर सुचवली आहे, तर क्लबमधल्या मोठ्या मुली बीटा-ॲलनिन (तेही एक अमिनो आम्ल) घेतात. यांपैकी कशाचा खरोखर उपयोग होतो, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

पथ्यकर :
ताई, आपण सांगितलेले हे दोन वेगळे थकवे आहेत. शर्यतीच्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये हात भरतात ते मुख्यतः स्नायूंत हायड्रोजन आयन (म्हणजेच आम्लता) आणि फॉस्फेट साचून आकुंचनाची ताकद घटल्यामुळे. जोरकस श्रमात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टेटच्या माथी हा दोष उगाच मारला जातो. संध्याकाळी पाण्यात उतरतानाच हात जड असतील, तर सकाळी संपलेला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंतल्या कर्बोदकांचा, साठा दिवसभरात भरून निघालेला नाही, अशी शंका आधी घ्यावी, आणि त्यावर बीसीएए हा उतारा नव्हे. आहारात पुरेशी प्रथिने असतील, तर बीसीएएने वेगळे काही पदरात पडत नाही.

सकाळचा सराव संपल्यावर तासाभराच्या आत वजनाच्या किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदके आणि ०.३ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. तिच्यासाठी हे सुमारे ५० आणि १५ ग्रॅम होतात; दोन मोठी केळी, दोन उकडलेली अंडी आणि कपभर दूध यांत एवढे सहज मिळते. पोहणाऱ्या बऱ्याच मुली पहाटे चहा-बिस्किटावर निघतात, सरावानंतर थेट शाळा किंवा क्लास गाठतात आणि डबा उघडतो तो दुपारी. आपल्याकडेही असेच होते का, ते पाहावे. शिवाय हिमोग्लोबिनसोबत शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासून घ्यावे, कारण लोहाचा साठा आधी घटतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरते. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

बीटा-ॲलनिनला आधार आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरी सुधारणारे म्हणून कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट आणि सोडियम बायकार्बोनेट यांच्यासोबत त्याचेही नाव आहे. रोज ३.२ ते ६.४ ग्रॅम किमान चार आठवडे घेतल्यास स्नायूंतील कार्नोसिन वाढते, आणि साधारण १ ते ४ मिनिटांच्या जोरकस श्रमात ते आम्लता सावरून धरते. तिची शर्यत नेमकी याच टप्प्यात बसते, हे खरे. पण मिळणारा फायदा लहान असतो, मोठी मात्रा एकदम घेतल्यास अंगाला मुंग्या येतात, आणि हे प्रयोग बहुतांशी प्रौढांवर झालेले आहेत. १६ व्या वर्षी मी ते देणार नाही.

पाचवी लेन :
मी बटरफ्लायच पोहायचो, आता मुलांना शिकवतो. वरच्या उत्तरात राहून गेलेली गोष्ट भेसळीची. अमेरिकेची जलतरणपटू जेसिका हार्डी २००८ मध्ये क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधाच्या चाचणीत अडकली आणि बीजिंग ऑलिम्पिकला मुकली. सप्लिमेंट दूषित होते हे लवादाने मान्य केले, तरी बंदी एका वर्षाच्या खाली आली नाही. ब्राझीलचा जलतरणपटू सेझार सिएलो २०११ मध्ये कॅफीनच्या कॅप्सूलमधून आलेल्या फ्युरोसेमाइड या बंदी असलेल्या औषधामुळे सापडला आणि ताकिदीवर सुटला. शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूचीच असते, विक्रेत्याची नव्हे. प्री-वर्कआउट पावडरीत अनेक घटक एकत्र असतात आणि प्रत्येकाचे प्रमाण डब्यावर दिलेले असतेच असे नाही. म्हणून राज्य पातळीवरच्या मुलीने अशा पावडरीच्या वाटेला जाऊ नये.

दुसरे, तिचे पन्नास-पन्नासचे टायमिंग मागवून घ्या. पहिले पन्नास मीटर जिवावर उदार होऊन मारले, तर शेवटी हात भरणारच. त्याला औषध नाही.

काठावरची आई :
दोघांचेही आभार. पहाटे ती चहाच पिऊन जाते आणि थेट दुपारी जेवते. फेरिटिनसाठी या आठवड्यातच रक्त देऊ. पहाटे तिला खाणे जात नाही, त्यावर काही उपाय आहे का?

पथ्यकर :
निघण्याआधी अर्धे केळे किंवा एक राजगिऱ्याचा लाडू, एवढ्यापासून सुरुवात करा. तेही जात नसेल, तर बाटलीत साखर-मिठाचे पातळ लिंबू सरबत देऊन सेटच्या मधल्या विश्रांतीत घोट-घोट घ्यायला सांगा. पाण्यात असतानाही घाम जातोच.