पॅरोल, फर्लो, संचित, अभिवचन : कुठे काय लिहायचं?

शाहूपुरी_चौथी_गल्ली
एका कायदेविषयक पुस्तिकेचं मराठी भाषांतर तपासायला आलंय. मुळात प्रोबेशन, पॅरोल आणि फर्लो असे तिन्ही शब्द आहेत. भाषांतरकाराने प्रोबेशनला 'परिवीक्षा' केलं आणि उरलेल्या दोन्हींना 'अभिवचन रजा'. त्यांचं म्हणणं, पेपरात सरसकट 'पॅरोलवरून फरार' छापतातच, वाचकाला काय फरक पडतो? शिवाय एक वाक्य आहे : 'तीन वर्षांनी तो परिवीक्षेवर तुरुंगातून सुटला.' हे चालेल का?

कलमकसाई
नाही चालणार. शासकीय मराठीत फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. नियम एकच, 1959 चे मुंबईचे फर्लो व पॅरोल नियम, पण रजा दोन.

फर्लोला कारण लागत नाही. ठरावीक शिक्षा प्रत्यक्ष भोगली आणि वागणूक बरी असली की अर्ज करता येतो. पॅरोलला कारण लागतं : घरातला मृत्यू, लग्न, गंभीर आजार, पत्नीचं बाळंतपण, पुरात किंवा आगीत घर जाणं. खरा फरक मात्र हिशोबात. फर्लोचे दिवस भोगलेल्या शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. दहा वर्षांच्या शिक्षेत 28 दिवस फर्लो घेतली तर सुटकेची तारीख जागची हलत नाही. 30 दिवस पॅरोल घेतली तर तारीख 30 दिवस पुढे सरकते. ज्याच्या घरचे कॅलेंडरवर खुणा करत बसलेत त्यांना विचारा, काय फरक पडतो ते.

गंगावेस
'संचित' हा शब्दच मला पटत नाही. संचित म्हटलं की आपलं साठवलेलं, मागितलं की मिळणारं. आणि 1959 च्या नियमांतला 17 वा नियम म्हणतो की फर्लो हा हक्क नाही. मग कसलं संचित? पूर्वजन्मीचं?

कलमकसाई
तुम्ही विनोद करताय, पण तिथेच लोक फसतात. 'साठलीय ना रजा, मग द्या' म्हणून वाद घालतात. अडतं भलतीकडेच. पोलीस अहवाल प्रतिकूल येतो, जामीनदार नसतो, किंवा राहण्याचा पत्ता जुळत नाही. कोल्हापूरचा करवीर तालुका लिहिलं की पोलीस ठाणं करवीरच असं नसतं. इस्पुर्ली आणि गांधीनगर ठाणीही त्याच तालुक्यात. चुकीच्या ठाण्याकडे कागद गेला की अहवाल रखडतो आणि अर्ज तिथेच बसतो. मंजुरी मिळाली तरी जातमुचलका आणि जामीनदाराचं हमीपत्र झाल्याशिवाय फाटक उघडत नाही. बाहेर असताना ठाण्यात हजेरी. उशिरा परतला तर माफी कापतात. आलाच नाही तर जुन्या दंड संहितेचं 224 कलम लागायचं, आता न्याय संहितेचं 262.

मोडीवाचक
माफी म्हणजे शिक्षेतली सूट बरं का, क्षमा नव्हे. भाषांतरात तिथेही घोटाळा झालेला असणार, बघून घ्या.

व्युत्पत्तीने पाहिलं तर 'अभिवचन' नेमका आहे. पॅरोल म्हणजे फ्रेंचमध्ये शब्द, वचन. युद्धकैदी 'परत शस्त्र धरणार नाही' असा शब्द देऊन सुटायचा. फर्लो डचांकडून आला, मूळ अर्थ रजा. इंग्रजांच्या पलटणीत लांब सुट्टीला फर्लोच म्हणत.

गंगावेस
शब्दावर सोडतात म्हणे! मग जामीनदार कशाला मागतात?

शुद्धमती
पण परकीय शब्द ठेवायचेच कशाला? संचित, अभिवचन, परिवीक्षा, कारागृह, बंदी. सगळे आपले शब्द असताना 'कैदी' आणि 'तुरुंग' लिहिणं आळशीपणाचं वाटतं.

मोडीवाचक
तुरुंग आपला नाही म्हणून काढायचा असेल तर 'तुरुंगाधिकारी' या पदाचं काय करणार? इमारत कारागृह झाली, पण अधिकारी अजून तुरुंगाधिकारीच आहे, श्रेणी एक आणि दोन. तुरुंग हा पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला असं मानतात. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड, आणि पाय अडकवायचा लाकडी ठोकळाही. आपल्याकडे त्याच वस्तूला काय म्हणत? खोडा! खोडावरूनच. दोन भाषांनी एकाच ओंडक्यावरून शब्द घडवला. इतका मुरलेला शब्द काढून टाकणं मला तरी जमणार नाही.

शुद्धमती
मानतात म्हणजे सिद्ध झालं असं नाही.

भावा_थांब_की
आणि 'बंदी'चं अनेकवचन कसं करायचं सांगा. 'बंद्यांना मोबाइल बंदी' हे वाचून डोकं धरायची पाळी येते राव. कैदी बरा. आत तर सगळे फर्लो, पॅरोल, झडती, मुलाखत, बराक हेच बोलतात. 'अभिवचन रजेवर आलोय' असं कळंब्याच्या तुरुंगातून आलेला कोणी म्हणेल का?

कलमकसाई
बोलण्यात नाही, पण अर्जावर तोच शब्द लागतो. 'बंदी'तही दोन जाती आहेत. सिद्धदोष बंदी आणि न्यायाधीन बंदी. न्यायाधीन म्हणजे खटला चालू असलेला. त्याला फर्लोही नाही, पॅरोलही नाही, त्याचा मार्ग जामिनाचा. कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या सबजेलमधल्या माणसाची बातमी 'पॅरोल मिळाला' म्हणून आली तर आधी हे तपासावं.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
छान. पण माझं 'परिवीक्षेवर सुटला' तसंच राहिलं.

कलमकसाई
ते चूकच. परिवीक्षेवरचा माणूस शिक्षा भोगून सुटत नाही, तो शिक्षा भोगायला आत जातच नाही. 1958 च्या परिवीक्षा कायद्याच्या 4 थ्या कलमात कोर्ट दोषी ठरवतं, पण शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. देखरेखीचा आदेश निघाला तर तो किमान एक वर्षाचा. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्याला हे कलम नाही. बंधपत्र मोडलं तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. तीन वर्षं आत काढून जो बाहेर आला तो फर्लो, पॅरोल, माफी, मुदतपूर्व सुटका यांपैकी कशावर आला, ते मूळ मजकुरात बघा. तिथेच प्रोबेशन लिहिलं असेल तर लेखकाला विचारा.

गंगावेस
नोकरीतल्या प्रोबेशनलाही परिवीक्षाच म्हणतात. नवा तलाठीही परिवीक्षाधीन आणि पाकीटमारही.

शुद्धमती
अर्थ एकच आहे, पारखणं. त्यात गैर काय?

भावा_थांब_की
तलाठ्याला सांगून बघा.

मोडीवाचक
रजेवरून आठवलं, आटपाडीच्या स्वतंत्रपूरला काय म्हणायचं? 1939 साली औंध संस्थानात सुरू झालं, कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करतात. सरकारी नाव 'खुली वसाहत'. 'खुले कारागृह' वेगळं, तिथे घरचे राहत नाहीत. पेपर दोन्ही एकच धरतात.

शुद्धमती
'खुले कारागृह' हा वदतोव्याघात आहे.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
तळटीप देऊ का मग? 'फर्लो (संचित रजा)' असं पहिल्यांदा आणि पुढे नुसतं फर्लो?

शुद्धमती
उलट करा. संचित रजा आधी, फर्लो कंसात.

भावा_थांब_की
आणि परिवीक्षा लिहिताना 'वी' दीर्घ बघा. ऱ्हस्व करणारेच जास्त भेटतात.