"ह्याला काय उपास हाय काय आज?" : हरलेल्या मॅचनंतरचे तुमचे अनुभव

चिंचगूळ
परवा अण्णांचा सांगलीहून फोन. प्रो कबड्डी बघत होते. बरी आहेस का, जेवलीस का, काही नाही. थेट सुरुवात, "तुझ्या त्या ओहायोवाल्यांगत खेळाय लागल्यात बघ. म्होरं साखळी दिसतीय, तरी तिथंच घुसतंय बेणं."

फोन ठेवला आणि ३० नोव्हेंबर २०२४ चा तो शनिवार सगळाच्या सगळा आठवला.

कॉलेजांचा अमेरिकन फुटबॉल, ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन, आमच्याच गावात, कोलंबसला. आम्ही देशात दुसरे. मिशिगन ६ जिंकून ५ हरलेले, त्यांचे मोठे खेळाडू जायबंदी. जाणकारांच्या मते आम्ही वीसेक गुणांनी मारणार होतो. नवऱ्याच्या सहकाऱ्याने दोन तिकिटं दिली. नवरा म्हणाला, अण्णा परत कधी येणार, तुम्ही दोघं जा. (हा त्याग तो मला आजही ऐकवतो.)

अण्णा बँकेच्या संघातून कबड्डी खेळलेले. अमेरिकन फुटबॉल आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी नियम सांगायला लागले तर मधेच तोडलं, "चार चढाया, दहा यार्ड. कळलं. गप बस."

माकडटोपी, त्यावर लाल टोपी, दोन स्वेटर. मध्यंतराला १०-१०. त्यानंतर आमच्या ऑफेन्सचं (चढाई करणाऱ्यांचं) जे काही चाललं ते अण्णांच्याच शब्दांत सांगायचं तर "देवळाच्या भिंतीला टक्कर". बॉल मधे, धडक मधे, ढीग मधे. दोन यार्ड. परत तेच. आणि बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथ, चार नंबर, पहिल्या वर्षाचं पोरगं पण देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरांपैकी (पास झेलणाऱ्यांपैकी) एक, नुसता पळून परत येतोय. अण्णा उठून उभे, "आरं त्यो चार नंबरवाला! ह्याला काय उपास हाय काय आज?"

पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं. अण्णांनी चार बोटं दाखवली. आजोबांनी मान हलवली आणि चार बोटं दाखवली. चौथ्या क्वार्टरपर्यंत आमची आख्खी रांग प्रत्येक डाऊनला (म्हणजे चढाईला) मैदानाकडे चार बोटं दाखवत होती. आजोबांनी अण्णांना हात शेकायची दोन पाकिटं दिली. अण्णांनी त्यांना खिशातली सुपारी दिली. त्यांनी खाल्ली! पुढचं मी बघितलं नाही.

४५ सेकंद उरले असताना मिशिगनचा २१ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने बॉल खांबांमधून, तीन गुण). १३-१०. लाखावर माणूस गप्प. मग त्यांनी आमच्या मैदानात मधोमध झेंडा रोवायला घेतला, मारामारी जुंपली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. अण्णा म्हणाले, चल, आता कुस्ती सुरू झाली.

तुमच्याकडे आहेत का असे किस्से? कॉलेज कुठलंही चालेल.

कोलंबसची_काकू
नको गं आठवण. आमच्या ह्यांनी रविवारी उरलेल्या टर्कीची पावभाजी केली आणि प्रत्येक कांद्यावर राग काढला. इतका बारीक कांदा लग्नानंतर पहिल्यांदा चिरला त्यांनी.

सोमवारी बसमधे चढले तर ड्रायव्हर गुड मॉर्निंगच्या जागी म्हणाला, "दुसऱ्या सत्रात एकही गुण नाही, मॅडम." मी म्हटलं हो ना दादा. मराठीत. त्याला कळलं.

अर्धी_वाटी
फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला ना?

दुधीभोपळा
नाही गं, हा हाताने खेळतात तो. काहीच जमेनासं झालं की मग पायाने मारतात.

पंटप्रेमी
दुधीभोपळा, आमच्याकडे आयोवात तेवढंच जमायचं 😂

२०२३ साली मी आयोवा सिटीत पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. हेड कोच कर्क फेरेंट्झ, आणि ऑफेन्स कोण चालवणार? त्यांचे चिरंजीव, ब्रायन. घराणेशाही आपल्याला नवी नाही, पण इथे करारातच लिहून घेतलं होतं की दर सामन्याला सरासरी २५ गुण झाले पाहिजेत. म्हणजे दहावीच्या पोराला "पस्तीस टक्के तरी आण बाबा" असं स्टँपपेपरवर लिहून घ्यावं तसं. गावात लोक दर सोमवारी हिशोब करायचे, आता किती गुण हवेत म्हणून. पेन स्टेटकडून ३१-० हरलो तेव्हा माझ्या गाईडने वही बंद केली. ऑक्टोबरअखेर जाहीर झालं की मोसम संपला की चिरंजीव जाणार. गंमत म्हणजे टीम तरीही १० सामने जिंकली! डिफेन्स आणि पंटर (चढाया फसल्या की लाथेने बॉल लांब मारणारा) यांच्या जिवावर. पंटर टोरी टेलर, ऑस्ट्रेलियाचा. एका मोसमात सर्वाधिक पंट यार्डांचा विक्रम त्याने त्याच वर्षी केला. का केला असेल ते सांगायला नकोच. तो मैदानात आला की आम्ही उभं राहून टाळ्या वाजवायचो.

हुरडा_पार्टी
नमस्कार मंडळी, मी अ‍ॅन आर्बरहून, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावाहून. मूळचा सोलापूरचा. फक्त जीभ चावत बसलोय.

कोलंबसची_काकू
आलात का मीठ घेऊन.

हुरडा_पार्टी
काकू, चिमूटभरच. तुमच्या अण्णांना माझा साष्टांग नमस्कार सांगा, कारण त्यांना जे दिसलं ते पगारी माणसांना दिसलं नाही. मधे आमच्या बचावातले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. दोघंही दीडशे किलोच्या घरातले. पुढच्या एप्रिलमधे दोघंही एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) निवडीत पहिल्या फेरीत उचलले गेले. अशा दोघांच्या मधून तुम्ही दिवसभर बोळ शोधत होतात. आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) अख्ख्या मॅचमधे पासवर ६२ यार्ड करून जिंकला हो! ६२! मी स्वतः टीव्हीसमोर "अरे हे असं जिंकतात का" म्हणत होतो. बायकोने विचारलं, मग हरायचंय का? गप बसलो.

(आणि ग्रॅहम गेला कुठे, तर क्लीव्हलंडला. शेवटी ओहायोतच!)

मोजमाप
जरा दुसरी बाजू. ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमधेच जायबंदी झालेला, सेंटर सेथ मॅकलॉफलिन मिशिगनच्या आधी दोनेक आठवडे. लाइन (क्वार्टरबॅकपुढची भिंत) मोडकी असताना क्वार्टरबॅकला मागे उभं करून लांबचे पास फेकायचे म्हणजे त्याचाच चेंदामेंदा. विल हॉवर्डने त्या दिवशी तशीही दोन इंटरसेप्शन दिली (पास थेट समोरच्यांच्या हातात), त्यातल्या एकावर मिशिगनला टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार) आयतं मिळालं. शिवाय दोन फील्ड गोल हुकले. ते बसले असते तर आज हेड कोच रायन डे आणि तेव्हाचे ऑफेन्स कोऑर्डिनेटर चिप केली यांना कुणी शिव्या दिल्या नसत्या.

चिंचगूळ
मोजमाप, लाइन मोडकी होती तर मग त्याच मोडक्या लाइनच्या मागून मधे का घुसायचं?? तेच तर अण्णांचं म्हणणं!

मोजमाप
...बरोबर आहे. २६ रन (बॉल घेऊन पळायच्या चढाया), ७७ यार्ड. दर वेळी तीनसुद्धा नाही.

माझ्या मते खरं कारण वेगळं. आधीची तीन वर्षं मिशिगनने यांना मारलं आणि वर "हे मऊ आहेत" असं चिडवलं. मग आम्ही मऊ नाही हे दाखवायला मधूनच जायचं. ओहायोत वुडी हेज नावाचं दैवत होऊन गेलं, १९५१ ते ७८ कोच. त्यांच्या खेळाला "तीन यार्ड आणि धुळीचा लोट" म्हणत. ते अंगात आलं.

दुधीभोपळा
आता टर्फ आहे, धूळ पण नाही.

कोलंबसची_काकू
खिक्क

साडेतीन_कट्टा
मी उलट्या बाजूचा अनुभव देतो. ७ ऑक्टोबर २०२३, जॉर्जिया टेक विरुद्ध मायामी. मी अटलांटात, मास्टर्सचं दुसरं सेम, चौघांत एक टीव्ही. सामना मायामीत. ते २०-१७ पुढे, बॉल त्यांचा, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ आणि आमच्याकडे एकही टाइमआऊट (घड्याळ थांबवायची सोय) नाही. म्हणजे क्वार्टरबॅकने गुडघा टेकायचा, घड्याळ संपवायचं, घरी जायचं. एवढंच. माझा रूममेट (नाशिकचा) भांडी घासायला उठला. पाळी त्याची होती.

आणि कोच मारिओ क्रिस्टोबालने रन खेळवला! फंबल, बॉल हातातून सुटला! बॉल आमचा! २६ सेकंद! दोन पास, दुसरा ४४ यार्डांचा, टचडाऊन, घड्याळात १ सेकंद. २३-२०.

रूममेट साबणाच्या हाताने पळत आला, त्याला फक्त रिप्ले दिसला. तो आजही म्हणतो की ती मॅच माझ्या भांड्यांमुळे जिंकलो. त्यानंतर दर शनिवारी शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही त्याला सिंकपाशी उभं करायचो. भांडी मात्र स्वच्छ राहिली.

अर्धी_वाटी
थांबा, गुडघा टेकला की जिंकतात? मग आधीच का नाही टेकत?

साडेतीन_कट्टा
ताई, हाच प्रश्न मायामीचे लोक अजून विचारतायत.

हापूस_ऑफसीझन
धोनी. सातव्या नंबरवर. मँचेस्टर २०१९. बास, एवढंच.

दुधीभोपळा
हापूस, तो विषय इथे नको रे, धागा ५०० वर जाईल.

हापूस_ऑफसीझन
१८ धावांनी 😭

रिकामा_डबा
अवांतर: गेम डेला स्टेडियमजवळ राहणारे लोक अंगणात गाड्या लावू देऊन पैसे कमावतात, हे खरं का? आमचं भाड्याचं घर आहे, मालकाला विचारायला लागेल का?

कोलंबसची_काकू
विचारा बाबा. आमच्या शेजारच्या मुलांनी न विचारता लावल्या, हिरवळीची पार चटणी झाली आणि डिपॉझिट गेलं.

अजून एक अवांतर. मिशिगनच्या आठवड्यात कॅम्पसवर सगळे इंग्रजी एम लाल पट्टीने खोडतात माहितीये ना? त्या वर्षी माझ्या धाकट्याने फ्रिजवरच्या मंडळाच्या पत्रकातले सगळे एम खोडले. "हाराष्ट्र ंडळ". मी रागवायला गेले तर म्हणतो, आई तुला आता ऑ म्हणू का.

पंटप्रेमी
हहपुवा 😂😂

सातवा_मजला
आयोवाचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचा लेक २०१९ मधे स्टेडियमला लागून असलेल्या मुलांच्या हॉस्पिटलात अकरा दिवस होता. पहिला क्वार्टर संपला की ६९ हजार माणसं मैदानाकडे पाठ करून वर खिडक्यांकडे बघत हात हलवतात. २०१७ पासूनची प्रथा. मी ऐकून होते, पण आतून बघणं वेगळं. लेक चार वर्षांचा, हाताला सलाईन, दुसऱ्या हाताने टाटा करत होता. मला म्हणाला, आई, हे सगळे मला ओळखतात?

शेजारच्या खोलीतल्या मुलीचे आजोबा आमच्याबरोबर डोळे पुसत होते. दुसरा क्वार्टर सुरू झाला, तिसऱ्या डाऊनला आठ यार्ड हवे असताना टीमने तीन यार्डांचा पास फेकला आणि त्याच आजोबांनी त्याच रुमालात तोंड घालून जी काही शिवी दिली... नर्स आत आली, काय झालं बघायला.

लेक आता छान आहे. फुटबॉल आवडत नाही त्याला. बुद्धिबळ खेळतो.

चिंचगूळ
सातवा_मजला, 🤗 वाचता वाचता भाजी लागली खाली. लेकाला खूप आशीर्वाद.

पंटप्रेमी
मी त्या गर्दीत बहुतेक असणार हो. २०१९ ला पहिलं वर्ष होतं माझं. दर वेळी हात हलवायचे. टाटा पोचला हे आज कळलं.

सातवा_मजला
पोचला गं.

हुरडा_पार्टी
चिंचगूळ, पुढे काय झालं ते पण सांगा ना. मीच विचारतो, माझं काळीज मोठं आहे. त्याच वर्षी तुम्ही राष्ट्रीय विजेते झालात की.

चिंचगूळ
हो ना, तेच तर! पराभवानंतर गावात रायन डेला काढा म्हणून बोंबाबोंब होती. पण त्या वर्षी पहिल्यांदाच प्लेऑफमधे (विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत) १२ संघ घेतले, म्हणून आम्ही वाचलो. आणि मग काय, फेकाफेकी! टेनेसीला ४२-१७, ओरेगनला ४१-२१. चार नंबरचा उपास सुटला.

फायनल २० जानेवारी २०२५, अटलांटात, नोत्र दाम विरुद्ध. अण्णा तोवर परत गेलेले. तिकडे २१ तारखेची सकाळ. सहापासून टीव्हीसमोर, आई म्हणाली अंघोळ नाही, पूजा नाही. शेवटी शेवटी आम्ही ३१-२३ पुढे, पावणेतीन मिनिटं वगैरे राहिलेली, तिसरा डाऊन, ११ यार्ड हवे. इथे सगळेच कोच सांभाळून घेतात. आणि यांनी लांब पास टाकला. ५६ यार्ड. कुणाला? चार नंबरला! मग फील्ड गोल, ३४-२३, तोही त्याच किकरचा, जेडन फील्डिंगचा, ज्याचे दोन मिशिगनला हुकले होते.

मी रडत रडत फोन केला. अण्णा, चार नंबर! बघितलंत का!

तिकडून शांत आवाज, "बघितलं की. पण चुकलंच ते. पुढं हायेस, घड्याळ पळवायचं, तर मधनं घुसायचं सोडून फेकतंय येडं. बॉल पडला असता म्हंजे?"

मोजमाप
😂😂😂 अण्णांना कोऑर्डिनेटर करा.

कोलंबसची_काकू
आमचे हे पण सेम!! जिंकल्यावर पहिलं वाक्य, "पण तो रिस्क घ्यायला नको होता."

अर्धी_वाटी
मला अजून गुडघ्याचं कळलं नाहीये. आणि काकू, ते तुमच्याकडचे चॉकलेटात बुडवलेले शेंगदाण्याच्या लाडवासारखे असतात ना, बकाय, त्याची कृती टाकाल का?

कोलंबसची_काकू
टाकते संध्याकाळी. पीनट बटर आहे का घरात, बिनसाखरेचं नको.