परांची बांधणाऱ्यांचा माणूस सेफ्टी कमिटीत कसा घ्यायला लावायचा?

जतचा_परांचीवाला
नमस्कार मंडळी. मी परांची बांधायचं काम करतो, ११ वर्षं झाली, आधी मुंबईत बांबू-काथ्याची बांधायचो आता चार वर्षं लोखंडी कपलॉक, म्हणजे पाइप एकमेकांत अडकवून उभी करायची परांची. सध्या ठाण्याच्या बाजूला टॉवरचं काम चालूय, सगळे ठेकेदार धरून सहा-सातशे माणसं असतील साईटवर, आमची टोळी १४ जणांची. मागच्या महिन्यात आमच्यातला एक पोरगा चौथ्या लिफ्टवरून, म्हणजे परांचीच्या चौथ्या टप्प्यावरून खाली आला, कमरेला मार बसलाय, अजून गावी झोपून आहे. परांची उतरवायचं काम चालू होतं. खालच्या मजल्याला प्लास्टरवाल्यांना अडचण होत होती म्हणून त्यांनी दोन टाय (परांची भिंतीला धरून ठेवणारे जोड) आधीच काढून ठेवलेले, आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि वर लेजर (आडवा पाइप) सोडवायला घेतला तसा सगळा सांगाडा भिंतीपासून सुटून हलला. बेल्ट होता त्याच्या अंगावर. पण हूक ज्या लेजरला अडकवलेला तोच निसटला, मग बेल्ट काय करणार.

ठेकेदार म्हणतो तुमचाच निष्काळजीपणा. नंतर ऑफिसबाहेरच्या बोर्डावर सेफ्टी कमिटीच्या मीटिंगचा कागद लागला, त्यात कामगार प्रतिनिधी म्हणून चार नावं, दोन मुकादम, एक स्टोअरचा, एक गेटवरचा. परांचीवाला एकही नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं की तुम्ही ठेकेदाराची माणसं, कंपनीची नाही. हे खरं आहे का? आमचा माणूस त्या कमिटीत बसू शकतो का? जाणकारांनी सांगा, भांडण करायचं नाहीये पण पुढचा पोरगा पडायच्या आत काहीतरी झालं पाहिजे.

निवृत्त_सेफ्टीवाला
भाऊ, आधी त्या पोराला लवकर बरं वाटो. मी २६ वर्षं साईटवर सेफ्टी बघितली, आता घरी आहे, तेव्हा मोकळेपणी लिहितो.

'तुम्ही ठेकेदाराची माणसं' हे उत्तर चुकीचं आहे. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा होता त्याच्या कलम ३८ मध्ये स्पष्ट होतं की ५०० किंवा जास्त बांधकाम कामगार असतील तिथे सेफ्टी कमिटी पाहिजे आणि त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. त्या कायद्यात मालक म्हणजे आस्थापनेचा मालकही आला आणि ठेकेदारही आला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत कलम २२ बघा. कुठे कमिटी करायची हे सरकार आदेशाने ठरवणार, पण कामगारांचे प्रतिनिधी कमी नसावेत ही गोष्ट तशीच ठेवलीय. सेफ्टी ऑफिसर मात्र बांधकामावर आता २५० कामगारांपासून सक्तीचा झालाय, आधी ५०० होते, हे चांगलं झालं. आणि कलम १४ पाठच करून टाका. जिवाला धोका आहे अशी रास्त भीती वाटली तर कामगार स्वतः किंवा कमिटीच्या मेंबरमार्फत मालकाला कळवू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो.

आता माझं स्वतःचं सांगतो. आम्ही परांची पूर्ण झाली की तपासायचो, आता वापरायला चालेल म्हणून हिरवा टॅग लावायचो, सही करायचो. टॅगवर सही माझी, त्यामुळे माझं सगळं लक्ष टॅग लागल्यानंतरच्या दिवसांवर. पण परांची बांधणारा माणूस टॅग लागायच्या आधी वर असतो आणि टॅग काढल्यावर परत वर असतो. त्या दोन्ही वेळेला रेलिंग नसतं, फळ्या अर्ध्या असतात, आणि कमिटीच्या कागदात त्या वेळेचा एक शब्द नसतो. मी इतकी वर्षं मीटिंगा घेतल्या पण परांचीच्या टोळीतला माणूस एकदाही समोर बसवला नाही. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याचं वाईट वाटतं.

छोटा_ठेकेदार_डोंबिवली
दुसरी बाजू पण ऐका. मी सोसायट्यांच्या रिपेअरिंगची परांची लावतो. रेट चौरस फुटावर ठरतो. मी रेलिंग, टो-बोर्ड (फळीच्या कडेची उभी पट्टी), नीट टाय, जाळी सगळं धरून कोटेशन दिलं तर शेजारचा त्यातलं निम्मं गाळून कमी रेट देतो आणि सोसायटीची कमिटी त्यालाच काम देते, वर मलाच सांगतात तुम्ही महाग आहात. आणि मुलांना बेल्ट दिला तर अर्धी मुलं घालत नाहीत, गरम होतं म्हणतात, काम हळू होतं म्हणतात. प्रतिनिधी बसवून हे सुटणार आहे का?

जतचा_परांचीवाला
दादा तुमचं रेटचं खरं आहे, मी पण ते बघितलंय. पण बेल्टचं एक सांगतो. घालत नाहीत कारण अडकवायला जागा नसते. डोक्याच्या वर काही पक्कं असेल, लाईफलाईन (हूक अडकवायचा दोर) ओढलेली असेल, दोन हूकवाला बेल्ट असेल म्हणजे एक सोडायच्या आधी दुसरा लावता येतो, तर कोण नाही घालणार, मरायची हौस कुणाला आहे. एका हूकचा बेल्ट देऊन दर चार फुटाला सोड-लाव करायला सांगता आणि वर संध्याकाळपर्यंत पूर्ण मजला उतरवून पाहिजे. हे कुणीतरी मीटिंगमध्ये सांगायला पाहिजे ना, आणि ते मुकादम नाही सांगणार, कारण मजला उतरवायची घाई त्यालाच असते.

बर्मिंगहॅमकर
मी इथे ब्रिटनमध्ये साईट इंजिनिअर आहे, मूळचा नाशिकचा. इथलं थोडं सांगतो म्हणजे तुलना करता येईल. इथे उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम आहेत, परांची पहिल्यांदा वापरायच्या आधी तपासायची, मग दर सात दिवसांच्या आत तपासायची, आणि वादळ-बिदळ झालं तर परत. पण तुमच्या प्रश्नाशी जास्त जवळचे नियम १९७७ चे आहेत, त्यात मान्यताप्राप्त युनियन स्वतः सेफ्टी प्रतिनिधी नेमते, मालक नाही. आणि असे दोन प्रतिनिधी लेखी मागणी करतील तर मालकाला तीन महिन्यांच्या आत सेफ्टी कमिटी करावीच लागते. म्हणजे कमिटीची सुरुवातच कामगाराच्या पत्राने होऊ शकते. सगळीकडे छान चाललंय असं अजिबात नाही, छोट्या साईटवर युनियनच नसते आणि माणसं इथेही पडतात. पण परांचीवाल्यांच्या धंद्यात एक गोष्ट पक्की बसलीय, रेलिंग आधी आणि माणूस नंतर. खालच्या सुरक्षित फळीवर उभं राहून वरच्या लिफ्टचं रेलिंग आधी चढवायचं अशी सामग्री मिळते. आणि टाय काढायचा असेल तर परांचीवाल्यालाच बोलवायचं, प्लास्टरवाल्याने हात लावायचा नाही, हे साईटवर पहिल्याच दिवशी सांगतात.

कामगार_ताई_कोल्हापूर
मी बांधकाम कामगारांच्या संघटनेत काम करते. दादा, तुमच्या टोळीने आधी आपसात बसून दोन जण निवडा, एक नको, दोन, म्हणजे एकाला कामावरून काढलं तरी दुसरा असतो. मग साध्या मराठीत पत्र लिहा, १४ जणांच्या सह्या-अंगठे घ्या, मालक आणि ठेकेदार दोघांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. पत्रात मोठमोठी कलमं लिहू नका, टायची घटना तारखेसकट लिहा आणि मागणी दोन-तीनच ठेवा. प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, ज्याला सगळे डिश म्हणतात, आणि कामगार आयुक्त कार्यालयाला.

आता त्या पोराचं. त्याची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का? ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर ठेकेदार सही करत नाही म्हणून निम्मी मुलं बाहेर राहतात, गावाकडे केलेल्या कामाचा दाखला ग्रामसेवकाकडून पण मिळतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण नोंदणी नसली तरी अपघाताची भरपाई वेगळी आहे, ती मंडळावर अवलंबून नाही. आणि नुसता 'निष्काळजीपणा' म्हणून भरपाई टाळता येत नाही, दारू प्यायला होता किंवा मुद्दाम नियम मोडला असं काही दाखवावं लागतं. दवाखान्याचे कागद जपा. ४८ तास किंवा जास्त काम करता आलं नाही असा अपघात सरकारला कळवावाच लागतो असं जुन्या कायद्यात होतं, तो कळवला होता का ते आधी विचारा, मला शंका आहे.

छोटे ठेकेदार दादा, तुमच्यासाठी पण एक सांगते. माथाडींचं बघा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा कायदा आला, त्या मंडळात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारखे असतात आणि सोबत सरकारचे. मजुरी, हजेरी सगळं मंडळातून जातं त्यामुळे पोत्यामागे पैसे मारून रेट पाडणं अवघड होतं. परांचीच्या धंद्याला तसं काही झालं तर तुमचं नीट कोटेशन महाग ठरणार नाही. मी हे गेली कित्येक वर्षं बोलतेय, हसतात लोक, हसू देत.

छोटा_ठेकेदार_डोंबिवली
ताई, तसं खरंच होत असेल तर मी पहिली सही करतो. सोसायटीच्या टेंडरमध्ये रेलिंग-टायची वेगळी ओळ आणि वेगळा रेट पाहिजे, हे तरी मी पुढच्या कामापासून मागणार.

जतचा_परांचीवाला
सगळ्यांचे खूप आभार. पोराची नोंदणी नाहीये, त्याच्या भावाला आज फोन केला, ग्रामसेवकाकडे आणि दवाखान्यात कागदासाठी जातोय. अपघात सरकारला कळवला का विचारलं तर स्टोअरवाला म्हणाला रजिस्टरमध्ये 'किरकोळ' लिहिलंय. रविवारी खोलीवर बसलो होतो सगळे, दोन जण निवडले, एक मी आणि एक बंगालमधल्या मालद्याचा आहे, त्याला मराठी कमी येतं पण उतरवायच्या कामात त्याच्याएवढा जाणकार आमच्यात कुणी नाही. मागण्या तीन लिहिल्या. टायला परांचीवाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. उतरवायच्या आधी सकाळी आमच्यातला एक आणि सेफ्टीवाला दोघांनी मिळून खालून वर सगळे टाय बघायचे. आणि दोन हूकचे बेल्ट. १४ पैकी ११ सह्या झाल्या, तिघं घाबरतात, त्यांच्यावर जोर नाही केला. ताई, पत्राचा फोटो तुम्हाला मेसेजमध्ये पाठवतो, एकदा वाचून बघा, सोमवारी द्यायचंय.